मी एकच, प्रोफाइल तीन
बढतीच्या फाइलमध्ये ‘एच-इंडेक्स’ असा एक रकाना होता, संशोधकाच्या पेपरांचा इतरांनी किती आधार घेतला ते सांगणारा आकडा. त्यात मी ६ लिहिलं. आस्थापना विभागातल्या भाऊंनी पडताळणीसाठी स्कोपस, म्हणजे संशोधकांचे पेपर त्यांच्या नावाच्या प्रोफाइलखाली दाखवणारा डेटाबेस, उघडलं, स्क्रीन माझ्याकडे फिरवली आणि म्हणाले, “मॅडम, ह्या दोघीजणी वेगवेगळ्या दिसून राहिल्या ना!”

नीट शोधल्यावर कळलं, दोघी नाही, तिघी. पहिली माहेरची: मधे वडिलांचं नाव, शेवटी त्यांचं आडनाव. दुसरी सासरची, तिची ही दोन्ही बदललेली. तिसरी जरा गमतीची. एका पेपरात माझं नाव दहावीच्या मार्कशीटसारखं आडनावापासून सुरू झालं होतं. संगणकाने शेवटचा शब्द उचलला आणि वडिलांचं नावच आडनाव करून टाकलं.

मी नागपुरात मानसिक आरोग्यावर काम करते. वर्धा, यवतमाळच्या गावांत बायकांमधल्या नैराश्यावर माझे बरेच पेपर आहेत. पीएचक्यू-९ची नऊ प्रश्नांची प्रश्नावली घेऊन ओसरीवर बसायचं आणि ‘उदास वाटतं का?’ असं न विचारता ‘करमत नाही का?’ असं विचारायचं, हे शिकायलाच दोन वर्षं गेली. माझ्यासोबतच्या पुरुष संशोधकांच्या नावाचा इतका गोंधळ मात्र कधी झालेला पाहिला नाही. पुरुषाचं नाव जन्मापासून निवृत्तीपर्यंत एकच असतं, हे मी पुढे पंधरा दिवस भेटेल त्याला ऐकवत होते.

तिघींना एक करायचं तर पहिलं काम ऑर्किडचं. २०१२ पासून संशोधकांना मिळणारा हा सोळा अंकी क्रमांक फुकट आहे. नाव कितीदाही बदला, क्रमांक तोच. माझा होता, पण जुने पेपर त्याला जोडलेलेच नव्हते. एका रविवारी कूलर लावून बसले, एकेका पेपराचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळख क्रमांक, टाकून सगळे जोडले. मग स्कोपसला प्रोफाइल एकत्र करण्याची विनंती पाठवली. त्यासाठी त्यांच्या साइटवर सोय आहे. आपले पेपर निवडायचे, कोणतं नाव ठेवायचं ते सांगायचं आणि वाट बघायची. मला तीनेक आठवडे लागले. आमच्या कार्यालयाला मात्र तेवढ्यावर भागेना. ‘वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र हवं होतं. भर उन्हात सिव्हिल लाइन्समध्ये नोटरी गाठला. त्याने विचारलं, “जमिनीचं काम आहे का?”

गुगल स्कॉलर या गुगलच्या पेपर शोधायच्या साइटवर उलटाच प्रकार. तिथे माझे पेपर कमी नव्हते, जास्तच होते. आपोआप भर घालण्याचा पर्याय मी चालू ठेवला होता, त्यामुळे माझ्याच आद्याक्षरांच्या कुणाचे तरी संत्र्यावरच्या डिंक्या रोगाचे चार पेपर माझ्या नावावर चढलेले! आणि त्यांना माझ्या पेपरांपेक्षा जास्त सायटेशन्स, म्हणजे इतरांनी आपल्या लेखांत दिलेले संदर्भ. काढताना जिवावर आलं, खोटं कशाला बोलू.

आता आकड्याचं. एच-इंडेक्स ही होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली काढलेली मोजणी. ८ असेल तर तुमच्या आठ पेपरांना प्रत्येकी निदान आठ सायटेशन्स आहेत. माहेरच्या प्रोफाइलचा ५, सासरचा ६, तिसऱ्या एकुलत्या पेपराचा १. एकत्र केल्यावर भाऊंना १२ अपेक्षित होते, आले ८. सायटेशन्सची बेरीज होते, एच-इंडेक्सची होत नाही. नवा आकडा सगळे पेपर एका रांगेत लावून पुन्हा काढावा लागतो. हे त्यांना पटवायला अख्खा चहा गेला.

त्या आठातला सर्वात वरचा पेपर बारा लेखकांचा, त्यात मी सहावी. मोजणीत मला श्रेय पूर्ण. याउलट मी एकटीने दीड वर्ष गावं फिरून लिहिलेल्या पेपराला तीन सायटेशन्स, म्हणजे तो हिशेबात नाहीच. त्यावरून केलेली मराठी माहितीपत्रिका आशाताई अजून वापरतात, पण ती कुठल्याच डेटाबेसात नाही.

समितीतल्या एका सरांनी विचारलं, “रसायनशास्त्रात तर याहून कितीतरी जास्त असतो, तुमचा इतका कमी का?” वेगवेगळ्या विषयांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, असं मी सांगितलं. मग त्यांनी जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर काढला. तो जर्नलचा असतो, मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना मिळालेल्या सायटेशन्सची सरासरी. त्यावरून माणूस मोजू नये असं संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलच्या २०१२च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यातही म्हटलंय. सर “बरं” म्हणाले आणि तो आकडाही लिहून घेतला.

शेवटी भाऊंनी फाइल पुन्हा तपासली. स्कोपसवर ८, स्कॉलरवर डिंक्या काढूनही ११, कारण स्कॉलर प्रबंध आणि अहवालांतली सायटेशन्सही धरतं. रकाना एकच. भाऊ म्हणाले, “मोठा लिहा ना, मॅडम.” मी ८ लिहिलं, पुढे ‘स्कोपस’ आणि त्या दिवसाची तारीख टाकली, खाली सासरच्या नावाने सही केली.