बांधावरचं गव्हाणी घुबड : माझा अनुभव

जानेवारीत निपाणीजवळच्या आमच्या रानात ऊसतोड चालली होती. सकाळी टोळीतल्या एका मामांनी हाक मारली, "मास्तर, हिकडं या, घुबड पडलंय." बांधाकडेला, वाड्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, भाऱ्यालगत गव्हाणी घुबड पालथं पडलं होतं. पंख अर्धवट उघडे, सोनेरी-राखाडी पाठीवर दव. टोळीतल्या बायका लांबच उभ्या होत्या.

गेल्या वर्षी अशीच एक घार सापडली होती. मी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून दुपारच्या उन्हात गाडीवरून नेली. अंग निम्मं कुजलं. जे नमुने निघाले ते सगळे फॉर्मेलिन या नमुने टिकवायच्या द्रावणात गेले आणि विषाच्या तपासणीला तसे नमुने चालत नाहीत, हे नंतर कळलं. ती घार कशानं मेली ते कळलंच नाही. ते मला फार लागलं होतं.

म्हणून या वेळी आधी हात लावला नाही. फोटो काढले, वेळ लिहिली, वर विजेची तार आहे का, रस्ता किती लांब आहे ते पाहिलं. मग वनखात्याच्या 1926 या नंबरला फोन लावला. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे मेलेला पक्षीसुद्धा सरकारची मालमत्ता असतो, आपण घरी नेऊन चिरायचा नसतो. वनखात्याच्या गार्डनी सांगितल्यावर मास्क आणि हातमोजे घालून ते कागदात गुंडाळलं आणि बर्फाच्या डब्यात ठेवलं. फ्रीजरमध्ये नाही, कारण गोठलं की पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही नीट दिसत नाही.

पंचनामा कन्नडमध्ये झाला. गार्डनी नुसतं 'गूबे', म्हणजे घुबड, एवढंच लिहिलं होतं. मी म्हटलं, "साहेब, कणज गूबे लिहा की." कणज म्हणजे धान्याची कणगी, आणि आपल्याकडे त्याचं नाव गव्हाणीवरून पडलं. दोन्ही भाषांनी या पक्ष्याला शेतकऱ्याच्या घरातच जागा दिली आहे. त्यांनी हसून दुरुस्ती केली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी टेबलावर घेतलं तेव्हा साडेअकरा झाले होते. मी नोंदी लिहायला उभा राहिलो. बर्ड फ्लूच्या शंकेपोटी आधी घशातून आणि गुदद्वारातून स्वॅब घेतले. मग वजन. मग छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवून त्या म्हणाल्या, "बघा, दोन्ही बाजूचं मांस भरलेलं आहे. उपासमारीनं मेलेलं नाही." पायांवर, पंखांच्या टोकांवर जळल्याची खूण नव्हती, म्हणजे विजेचा धक्का नाही. एकही हाड मोडलेलं नव्हतं, म्हणजे गाडीची धडकही नाही.

कातडी उचलली आणि आम्ही दोघंही गप्प झालो. छातीवर, मांडीवर कातडीखाली काळपट लाल रक्त पसरलेलं. पोटाच्या पोकळीतही रक्त, आणि इतके तास होऊनही ते पातळच, कुठं गुठळी नाही. यकृत फिकट पडलेलं. जठरात उंदराचे केस आणि एक अख्खी शेपटी.

मॅडमनी मूत्रपिंडं, हृदयावरचं आवरण मुद्दाम न्याहाळलं. तिथं खडूसारखा पांढरा थर नव्हता. गिधाडं का मरतात हे असंच उघडून बघितल्यावर कळलं, त्या म्हणाल्या. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन त्यांचं मूत्रपिंड बंद पडून अवयवांवर युरिक आम्ल साचत होतं, आणि 2006 साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. कुणी ती गिधाडं नुसती पुरून टाकली असती तर?

यकृताचे दोन भाग केले. मोठा भाग ॲल्युमिनियमच्या फॉईलमध्ये गुंडाळून, चिठ्ठी लावून गोठवायला, विषाच्या तपासणीसाठी. अर्ध्या सेंटिमीटरहून पातळ अशी एक चकती 10 टक्के फॉर्मेलिनमध्ये. चिठ्ठीवर तारीख, गाव, अवयव. उरलेलं शरीर गार्डच्या समोर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरलं.

सगळ्यात जड काम संध्याकाळचं होतं. मॅडमनी विचारलं होतं, रानात उंदराचं औषध कुणी ठेवलंय का. ते रान आमच्या चुलत्यांचं.

"तात्या, उंदराला कुठलं औषध ठेवलासा?"

"केक ठेवल्यात गा. दुकानदार म्हणाला ह्यो चांगला. का रं?"

केकच्या वेष्टनावर ब्रोमाडिओलोन, 0.005 टक्के. हे खाऊन उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठायची ताकद जाते आणि तो चार-पाच दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो. घुबडाला तोच सोपा सापडतो, आणि विष उंदराच्या यकृतात तसंच असतं. तात्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते घुबड रोज रात्री पाण्याच्या मोटारीच्या खोपीवर बसायचं."

काही आठवड्यांनी अहवाल आला. यकृतात ब्रोमाडिओलोन.

तात्यांनी उरलेले केक उचलून मला दिले, मी ते दुकानात परत नेले. आता बांधावर पिंजरे आहेत आणि बांबूचे चार पक्षीथांबे. शेजारच्या रानात मात्र निळे केक अजून दिसतात. काल तिथल्या अण्णांशी बोलून आलो. त्यांचा भुईमूग उंदरांनी निम्मा नेलाय, त्यांचा राग खोटा नाही. उद्या एक पिंजरा घेऊन परत जाणार आहे.