ती काय म्हणाली?

"मावशी, ती म्हणते भिंतीवर वेली आहेत. मग मी काय करू?"

नाशिकहून भाच्याचा, अर्णवचा फोन. वेळ रात्री साडेनऊची, म्हणजे ताईच्या "आता बास" च्या दहा मिनिटं आधीची. 'ती' कोण, हे मला विचारावं लागत नाही. ती म्हणजे नावी. 'द लेजंड ऑफ झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम' या गेममधली मुठीएवढी, निळसर, पंखवाली परी. लिंक नावाच्या पोराच्या टोपीभोवती घिरट्या घालते आणि घटकाभर शांतता झाली की "हे! लिसन!" म्हणून ओरडते. गेम मूळचा १९९८ चा, आमच्याकडे आहे तो २०११ साली थ्रीडीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी नव्यानं काढलेला. मावसभाऊ न्यू जर्सीहून येताना मुलाचा जुना थ्रीडीएस घेऊन आला, तो अर्णवच्या हाती पडला आणि मी अडकल्यावर फोन करायची मावशी झाले.

"आहेस कुठे तू?"

"आत."

"कशाच्या आत?"

"झाडाच्या. झाडात कुठे ते नाही माहीत. पण ती वेली म्हणतेय ना!"

वेली म्हणजे चढायची भिंत. सांगितलं, चढला, फोन ठेवला. थँक्यू वगैरे काही नाही. माझ्यासमोर लॅपटॉपवर वॉकथ्रूची, म्हणजे गेम कसा पार करायचा ते पायरीपायरीनं सांगणाऱ्या मार्गदर्शिकेची, फाइल तशीच उघडी राहिली. जुन्या पद्धतीची, नुसत्या अक्षरांची फाइल, जिच्या माथ्यावर कुणीतरी रात्र जागून तिरप्या रेघा आणि कंस रचून गेमचं नाव काढलेलं असतं. खाली अनुक्रमणिका, आणि प्रत्येक प्रकरणाला शोधायला सोपा जावा म्हणून एक विचित्र कोड. हे लिहिणारे लोक मला फार आवडतात. पैसा नाही, कौतुक बेताचंच, तरी हजारो ओळी लिहून ठेवतात. फक्त त्यांची मांडणी असते ठिकाणांची. पहिलं मंदिर, दुसरं मंदिर, पूर्वेची खोली, तळघर. आता जो अडकलाय त्याला आपण कुठे आहोत हे कळत असतं, तर तो निम्मा सुटलाच असता की! त्याला पत्ता ठाऊक नसतो. सोबतचं माणूस शेवटी काय बोललं, एवढंच त्याच्या कानात असतं.

मला आजी आठवली. तिच्या गाथेला शेवटी सूची होती, अभंगांच्या पहिल्या शब्दांची, अकारापासून लावलेली. तिला अभंगाचा क्रमांक कधी आठवला नाही, प्रकरण तर नाहीच. पण पहिले दोन शब्द ओठावर आले की बोट बरोबर त्या पानावर जायचं. पाठ असलेल्या बाईला पुस्तक लागायचं ते पुढची ओळ अडली तरच.

तर मी गाथेसारखी वही केली. दोनशे पानी, लांब. डावीकडे नावी काय म्हणते ते, उजवीकडे मग काय करायचं ते. वाक्यं मराठीत, कारण अर्णवला ती इंग्रजीत वाचून मराठीत आठवतात. "जाळ्यातून खाली बघ" हे वाक्य 'ज' मध्ये. त्याचं उत्तर असं की जाळं तलवारीनं तुटत नाही. वरच्या मजल्यापर्यंत चढायचं आणि तिथून जाळ्याच्या मधोमध उडी मारायची. "डोळा लाल झाला की मार" हे 'ड' मध्ये. हा गोमा नावाच्या बॉसचा, म्हणजे झाडाच्या शेवटी भेटणाऱ्या मोठ्या शत्रूचा, डोळा. या राक्षसी कोळिणीनं अर्णवला दोन संध्याकाळी रडवलं.

नावीचा जन्म कसा झाला ते कळलं तेव्हा मला या वहीबद्दल जरा जास्तच अभिमान वाटू लागला. त्रिमितीतल्या मारामारीत समोरच्या शत्रूवर नजर खिळून कशी ठेवायची, हा गेम बनवणाऱ्या निन्टेंडो कंपनीच्या मंडळींपुढचा पेच होता. त्यांच्यातले काही जण क्योटोच्या तोएई स्टुडिओच्या चित्रनगरीत गेले. तिथे निन्जांचा तलवारबाजीचा खेळ चालला होता, त्यात त्यांना उत्तर सापडलं. एका वेळी एकाच शत्रूला धरायचं. कोणाला धरलंय हे दाखवायला आधी नुसता उलटा त्रिकोण होता. त्यांच्यातल्या योशिआकी कोइझुमींना तो रूक्ष वाटला, म्हणून त्यांनी त्याची परी केली. तिला म्हणायचे 'फेअरी नॅव्हिगेशन सिस्टिम', त्यातून नाव उरलं नावी. शत्रूवर गेली की पिवळी, काही करण्याजोगं असेल तिथे हिरवी. थोडक्यात, बाई मुळात बाणाची खूण होती. तिला पंख फुटले, मग तोंड फुटलं, आणि मग ती गप्प बसेना.

उजव्या बाजूला सरळ उत्तर लिहायचं नाही, हे मात्र मला पहिल्याच आठवड्यात कळलं. अर्णव वही फोटो काढून मागायचा, सगळं वाचून टाकायचा आणि अर्ध्या तासात कंटाळायचा. मग मी जुनी युक्ती उचलली. १९८०च्या दशकात इन्फोकॉम नावाची अमेरिकन कंपनी नुसत्या मजकुराचे गेम काढायची. त्यांच्या इन्व्हिजिक्लूज नावाच्या पुस्तिकांत उत्तरं अदृश्य शाईनं छापलेली असत. सोबतच्या पेननं घासलं की ओळ उमटे. प्रश्नाखाली पहिली ओळ नुसता चिमटा, दुसरी थोडी स्पष्ट, शेवटची सरळ सांगणारी. वर त्यांनी खोटे प्रश्नही घुसडले होते, म्हणजे नुसते प्रश्न वाचून कुणी पुढची गोष्ट ताडू नये. किती पाजी लोक! मी खोट्या प्रश्नांपर्यंत गेले नाही. पण प्रत्येक वाक्याखाली तीन पायऱ्या केल्या आणि फोनवर एकेक पायरी देऊ लागले. जाळ्याचंच घ्या. पायरी एक: जड वस्तू वरून पडली तर काय होतं? पायरी दोन: इथे जड वस्तू कोणती आहे? पायरी तीन: तू.

तिसरी पायरी ऐकून तो जे हसला, ते मी वहीत लिहिलेलं नाही.

आता या पद्धतीतली खोट. "हे! लिसन!" हे वाक्य कुठे लावायचं? 'ह' मध्ये लावलं तर त्याला शंभर उत्तरं, आणि निम्म्या वेळा तिला सांगायचं असतं ते एवढंच की राजकन्या झेल्डा वाट बघतेय, चल लवकर. आपण कोंबड्या पकडत असतो आणि ही कर्तव्याची आठवण देत असते. दुसरी अडचण शत्रूंच्या बोलण्याची. त्याच झाडात एक झुडपासारखा शत्रू हरल्यावर आपल्या तीन भावांना कुठल्या क्रमानं मारायचं ते फोडतो. दोन, तीन, एक. वर विचारतो, "मी फितूर वाटतो का तुला?" हा सोबती नाही, पण बोल मोलाचा. त्याच्यासाठी वहीत 'घरभेदी' नावाचं वेगळं पान आहे. आणि ते घुबड! पानभर भाषण देतं, शेवटी "पुन्हा ऐकायचंय का?" विचारतं, आणि बटण बडवत आलेल्या माणसाचा 'हो' जातो. घुबडाच्या नोंदीत एकच पायरी आहे: सावकाश.

खरी फजिती झाली पाण्याच्या मंदिरात. तिथे ठरावीक तीन जागी झेल्डाची अंगाई वाजवून पाण्याची पातळी वरखाली करायची असते. पोलादी बूट घालून तळाशी जा, बूट काढून वर ये, असं करता करता माणूस दमतो. इथे लोक इतके अडकले की २०११ च्या आवृत्तीत त्या तीन जागांकडे नेणाऱ्या रंगीत रेघा भिंतींवर काढून दिल्या. शिवाय गेममध्ये दगड ठेवले. त्यांच्या पोटात शिरलं की पुढे काय करायचं त्याचं चलच्चित्र दिसतं. म्हणजे वॉकथ्रूच आत येऊन बसला. अर्णव तरीही अडकला. "काय म्हणाली?" मी विचारलं. "काहीच नाही. गप्प आहे." त्या रात्री वहीत 'गप्प' हे पान आलं. ते आता सर्वांत जाड झालंय. मधल्या खांबात तरंगता ठोकळा वर गेला की त्याच्याखाली उघडणारं भोक, ज्यात किल्ली राहून जाते, त्याची पहिली नोंद.

बोलक्या सोबत्यांची तऱ्हा निराळी. २०११ च्याच 'स्कायवर्ड सोर्ड' मधली फाय प्रत्येक गोष्टीची शक्यता टक्क्यांत सांगते, आणि रिमोटची बॅटरी उतरत आली तरी गंभीरपणे कळवते. २०२१ ला तो गेम पुन्हा निघाला तेव्हा तिचं बरंचसं बोलणं ऐच्छिक करून टाकलं. 'गॉड ऑफ वॉर रॅग्नरॉक' मध्ये तर आपण कोड्याकडे नीट बघायच्या आत नायकासोबतचं पोरगं उत्तर सांगतं. खेळणाऱ्यांनी त्यावर बरंच तोंडसुख घेतलं. अशा गेमची वही करायला काही उरतच नाही. परीक्षेत शेजारचा मोठ्यानं उत्तर सांगत असेल तर गाईड कोण उघडेल?

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा २०२० मधला गेम मी मुद्दाम याच कानांनी खेळले. त्यात दुर्गा आणि विष्णू बोलतात, पण एकमेकांशी, राजीबद्दल. जेवताना मोठी माणसं लहान मुलाच्या डोक्यावरून त्याच्याविषयीच बोलत असतात, तसं. अर्णव म्हणाला, "मला न सांगता माझ्याबद्दल बोलतात, हे आपल्याकडचंच."

आणि 'इको'. २००१ चा, प्लेस्टेशन २ वरचा. शिंग असलेला मुलगा योर्दा नावाच्या मुलीचा हात धरून किल्ल्यातून पळतो. ती बोलते ती भाषा त्याला कळत नाही आणि आपल्यालाही नाही, खाली उमटतात ती अक्षरंसुद्धा अनोळखी. दगडी मूर्तींचे दरवाजे तिच्याशिवाय उघडत नाहीत, त्यामुळे तिला मागे सोडून चालत नाही. याची वही मी तीनदा सुरू केली. बोलांची सूची करायची आणि बोलच कळत नाहीत! शेवटी डाव्या रकान्यात लिहिलं: 'थांबली', 'मागे वळून बघतेय', 'हात सोडवून घेतला'. नऊ नोंदींवर थांबलेय.

नावीची वही मात्र गेल्या महिन्यात नाशिकला गेली होती, आणि परत आली तेव्हा तिच्यात माझ्या अक्षरातली नसलेली एक नोंद होती. या आवृत्तीत बराच वेळ खेळलं की नावी मध्येच येऊन म्हणते, दमला असशील, जरा विश्रांती घे. 'द' मध्ये ते वाक्य पेन्सिलीनं लिहिलेलं, खाली माझ्यासारख्याच तीन पायऱ्या.

पायरी एक: 'ए' बटण दाब.

पायरी दोन: आवाज बंद कर.

पायरी तीन: आई आली तर म्हण, मावशीनं सांगितलंय.