पेटीवरचं नाव

जर्मनीतल्या आखेनला पोहोचले तेव्हा ऑक्टोबर नुकताच लागला होता. पाऊस, रविवारी बंद दुकानं, बाटली परत केली की मिळणारे 25 सेंट, सगळं आधीच ऐकून आले होते. टपालपेटीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

इथल्या पत्त्यात फ्लॅट नंबर सहसा नसतोच. रस्ता, घराचा क्रमांक, पाच आकडी पिनकोड, गाव. बाकी पोस्टमनने पेटीवरच्या आडनावांवरून ओळखायचं. आमच्या पेटीवर तीन आडनावं होती आणि त्यांत माझं नव्हतं. बँकेने कार्ड एका पाकिटातून आणि पिन दुसऱ्या पाकिटातून पाठवला. दोन्ही आल्या पावली परत गेले.

"पेटीवर नाव नाही, म्हणजे तू इथे राहत नाहीस," फ्लॅटमेट कांदा चिरता चिरता म्हणाली. अगं पण, दोन आठवड्यांच्या आत करायची ती आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, मी घरमालकाच्या सहीचा कागद नेऊन कधीच करून आले होते! सरकारदरबारी मी होते, पेटीच्या लेखी नव्हते. आणि आमच्या आजोबांची पत्रं 'सहस्रबुद्धे, मारुतीच्या देवळामागे, सांगली' एवढ्यावर बिनचूक यायची.

तर आता तेच आडनाव रोमन लिपीत लिहायचं. तेरा अक्षरं, आणि पट्टी बोटभर. शब्दाला शब्द जोडून मालगाडी करणारे हे लोक आडनावं मात्र आखूड ठेवतात की काय कोण जाणे. शेवटी तोडलं: सहस्र वर, बुद्धे खाली. चिकटपट्टीने लावलं. रात्रीच्या पावसात शाई फुटली आणि सकाळी सहस्र तेवढं उरलं, बुद्धी वाहून गेली. मग बॉलपेनने पुन्हा.

माझ्या नावाचं पहिलं पत्र आलं तोवर घड्याळं तासभर मागे जाऊन घर साडेतीनऐवजी साडेचार तास लांब गेलं होतं. पत्र रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं: घरटी महिना 18.36 युरो. घरात टीव्ही नाही, पण ते शुल्क टीव्हीला नसतं, घराला असतं. पासपोर्टवर माझ्या नावापुढे बाबांचं नाव जोडलेलं, त्यामुळे पाकिटावर 'फ्राउ' म्हणजे श्रीमती, मग मी, मग बाबा, मग आडनाव. फोटो घरी पाठवला. तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते, तरी बाबांचं उत्तर लगेच आलं: "बिल माझ्या नावावर फाडलंस का?"

पुढच्या आठवड्यात आमची बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, हातात चिठ्ठी. त्या घरी नव्हत्या म्हणून त्यांचं पार्सल कुरिअरवाला दुपारी माझ्याकडे ठेवून गेला होता. चष्मा सावरत त्यांनी चिठ्ठीवरचं एकेक अक्षर लावलं.

"फ्राउ... झाहास्राबुडे?"

"हो, मीच," म्हटलं, आणि पार्सल आणायला आत गेले.