केस शीटमधलं अपंगत्व

फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला अपंगत्वाबद्दल खरंच काय वाटतं हे बघायचं असेल, तर त्याला प्रश्नावली देण्यापेक्षा त्याची केस शीट, म्हणजे त्याने लिहिलेली पेशंटच्या तपासणीची नोंद, वाचावी. प्रश्नावल्या भरपूर आहेत. अपंग व्यक्तींबद्दलचा दृष्टिकोन मोजणाऱ्या, 1960 सालच्या ‘एटीडीपी’ मोजपट्टीच्या ‘ओ’ फॉर्ममध्ये 20 विधानं असतात. उत्तर उणे 3 ते अधिक 3, मधलं शून्य नाही. एकूण गुण 0 ते 120, आणि जास्त गुण म्हणजे दृष्टिकोन चांगला. पण कुठल्या विधानाला कोणतं उत्तर शोभून दिसतं हे दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही कळतं. केस शीट लिहिताना असा विचार कुणी करत नाही, म्हणून ती जास्त खरी.

समजा, कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातला पन्नाशीचा शेतकरी, डाव्या अंगावरून वारं गेलेला. शीटवर टोन (स्नायूंचा ताठरपणा), पॉवर, रिफ्लेक्स, सांध्यांचे अंश, बॅलन्स अशी दोन पानं भरतात. व्यवसायापुढे एकच शब्द : शेती. उद्दिष्टं कोणती? टोन कमी करणे, ताकद वाढवणे, चाल सुधारणे. हीच तीन वाक्यं शाहूपुरीतल्या व्यापाऱ्याच्या शीटवर चिकटवली तरी चालतात. जागतिक आरोग्य संघटनेची 2001 ची, अपंगत्वाकडे बघायची आयसीएफ चौकट व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) सगळ्यांना तोंडपाठ असते : शरीर, क्रिया, सहभाग, परिसर, वैयक्तिक घटक. शीटवर मात्र ‘सहभाग’ हा रकाना सर येताना दिसले की भरला जातो.

त्याच शेतकऱ्याला “मामा, घरी गेल्यावर पहिलं काय करायचंय?” असं विचारलं आणि उत्तर आलं “म्हशीच्या धारा”, की सगळं मोजमाप बदलतं. धारा काढायला उकिडवं बसावं लागतं. गुडघा साधारण 130 अंशांच्या पुढे वाकायला हवा आणि टाच जमिनीला टेकायला हवी. पोटरी आखडलेली असेल तर टाच उचलली जाते आणि माणूस मागे कलंडतो. डाव्या हाताने सड पिळायचा प्रयत्न केला तर बोटं मुठीत घट्ट बसतात, सोडायला दुसरा हात लागतो. मग उपाय साधे निघतात : उकिडवं बसण्याऐवजी बुटकं स्टूल, डाव्या टाचेखाली लाकडी पाचर, बादली गुडघ्यांत न धरता जमिनीवर पक्की, आणि सुरुवातीला उजव्या हातानेच काम. कदाचित ते म्हणतील, धारा पोरगा काढेल, मला किटली घेऊन डेअरीपर्यंत जाता आलं तरी बास. तसं असेल तर उद्दिष्ट पुन्हा बदलायचं.

मोजपट्ट्याही आपली नजर घडवतात. रोजची कामं स्वतः किती जमतात हे मोजणाऱ्या बार्थेल इंडेक्समध्ये 10 बाबी आणि 100 गुण. त्यात मांडी घालून पंगतीला बसता येतं का, देशी संडासात बसून उठता येतं का, जोतिबाच्या पायऱ्या अनवाणी उतरता येतात का, हे कुणी विचारत नाही. 100 पैकी 100 मिळवलेला माणूस घरच्या जेवणावळीत एकटाच खुर्चीवर बसलेला असू शकतो. जयपूर फूट आपल्याकडे टिकला तो याच कारणाने : त्यावर उकिडवं बसता येतं आणि अनवाणी चालता येतं.

सगळ्यांत मोठी अढी व्हीलचेअरची. पाठीच्या कण्याला पूर्ण इजा झालेल्या तरुणाच्या शीटवर ‘कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) आणि कुबड्यांवर चालणे’ हे जणू ठरलेलंच. तशा चालण्यात साध्या चालण्याच्या कित्येक पट दम लागतो. उभं राहण्याचे फायदे आहेत, पण कामावर जायला बरेच जण चाकांची खुर्ची किंवा साईड व्हीलची स्कूटर पसंत करतात. फिजिओला त्यात हार दिसते. याच कोल्हापुरात 1984 मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही अपंगांसाठीची संस्था उभी करणाऱ्या नसीमा हुरजूक खुर्चीवरूनच काम करत आल्या. अपंग व्यक्ती जिथे हिशोब तपासते, शिकवते, निर्णय घेते, तिथे विद्यार्थ्याने जायला हवं. तपासायला नव्हे, हाताखाली काम करायला. प्लिंथवर, म्हणजे फिजिओच्या तपासणीच्या पलंगावर, भेटणारा माणूस आयुष्यातल्या सर्वांत वाईट महिन्यात असतो. तेवढ्यावरून मत बनवणं धोक्याचं.

डोळ्यांवर पट्टी बांधून किंवा तासभर खुर्चीत बसवून ‘अनुभव’ देण्याचे कार्यक्रम मला पटत नाहीत. त्यातून अपंगत्वाचा पहिला दिवस कळतो, दहावं वर्ष नाही. विद्यार्थी हातात दया घेऊन बाहेर पडतो. त्यापेक्षा त्याला टेप देऊन परिसर मोजायला पाठवा : 1:12 उताराने 6 इंचांच्या पायरीला 6 फूट रॅम्प लागतो, आणि तेवढी जागा किती दुकानांसमोर आहे ते लिहून आणायला सांगा.

अपंगत्वाच्या टक्क्यांचंही तसंच. 2016 च्या कायद्यात 40 टक्क्यांपासून ‘लक्षणीय’ अपंगत्व धरतात. प्रमाणपत्रावरचे 50 टक्के शरीराचे असतात, कामाचे नाहीत. एकाच पायाचे तेवढेच टक्के ऊसतोड कामगाराची रोजी बुडवतात आणि लक्ष्मीपुरीतल्या दिवाणजीला फारसे नडत नाहीत.

दृष्टिकोन हातांतही दिसतो. खुर्चीतून पलंगावर नेताना आधी विचारायचं, “तुम्ही रोज कसं जाता?” खुर्ची पलंगाशी 30 ते 45 अंशांत, शक्यतो चांगली बाजू पलंगाकडे, दोन्ही ब्रेक, खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्ट्या वर, पावलं जमिनीवर सपाट, पुढे वाकवून मग उठवायचं. लुळा हात धरून ओढला की खांदा निखळायला वेळ लागत नाही. आणि सूचना सोबत आलेल्या मुलाला न देता पेशंटला द्यायच्या, कारण उठायचं त्यांना आहे.