मीटर दोन दिवसांत लागले, घड्याळाला तीन आठवडे

विजेचा वापर मोजायला 11 केव्ही इनकमरवर (बाहेरून वीज येते ती मुख्य लाइन) एक आणि खाली 415 व्होल्टच्या फीडरांवर (आत वीज वाटणाऱ्या लाइनी) 14 मल्टिफंक्शन मीटर. वायरिंग, मॉडबसचे (मीटरांशी बोलायची भाषा) पत्ते, बॉड रेट, पॅरिटी (त्या बोलण्याचा वेग आणि चूक-तपासणी) सगळं दोन दिवसांत उरकलं. इनकमरला पीटी (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) 11000/110 आणि सीटी (करंट उतरवणारा) 100/5, म्हणून वाचनाचा गुणक 100 × 20 = 2000. मीटरमध्ये सीटीची सेकंडरी (मीटरकडची बाजू) 5 ऐवजी 1 राहिली की वाचन पाचपट येतं, हे लगेच दिसतं. एका फेजचा सीटी उलटा बसला तर मात्र समतोल लोडवर एकूण किलोवॅट एक तृतीयांशच दिसतात आणि 'लोड कमी असेल' म्हणून खपून जातात. म्हणून एकूण नाही, तिन्ही फेजचे किलोवॅट वेगवेगळे बघा.

खरं अडलं ते वेळेपाशी. मीटरचं घड्याळ 20 पीपीएमने (दहा लाखांत 20) चुकत असेल तर दिवसाला 1.7 सेकंद, महिन्याला पाऊण मिनिटाच्या वर. पंधरा मीटर पंधरा दिशांना गेले की 15 मिनिटांच्या ब्लॉकची (वापर अशा तुकड्यांत नोंदला जातो) बेरीज बिलाच्या मीटरशी जुळणारच नाही. उपाय एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून सर्व्हरची वेळ घेणं. त्याला फायरवॉलमधून हवा यूडीपी पोर्ट 123 (यूडीपी आणि टीसीपी या डेटा पाठवायच्या दोन वेगळ्या पद्धती). परवानगी आयटी विभागाची.

त्यांच्या अर्जात रकाने होते 'वेबसाइटचा पत्ता' आणि 'वापरकर्त्याचं नाव'. मीटरला दोन्ही नाहीत. रकाना रिकामा म्हणून अर्ज परत. दुसऱ्या खेपेला पोर्ट उघडलं, पण टीसीपी 123! वर 'पिंग जातंय' असा शेरा मारून तक्रार बंद. पिंग म्हणजे आयसीएमपी (यंत्र जागं आहे का एवढंच विचारणं), त्याचा एनटीपीशी काय संबंध? अर्जात 'यूडीपी' ठळक लिहा, उत्तराची परतीची वाटही मागा आणि सर्व्हरचा आयपी द्या. बऱ्याच मीटरांत डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणारा सर्व्हर) भरलेलंच नसतं, तिथे नाव चालत नाही.

वाट बघून कंटाळलो आणि स्काडाच्या (मीटरांवर देखरेख करणाऱ्या प्रणालीच्या) विंडोज पीसीलाच एनटीपी सर्व्हर केलं. सर्व्हिस चालू, पॅकेट जातंय, उत्तर येतंय, तरी मीटर वेळ घेईना. त्या पीसीला वरून कुठूनच वेळ मिळत नव्हती. अशा वेळी विंडोज आपल्या उत्तरात अनिश्चितता एवढी मोठी सांगतं की काटेकोर क्लायंट ते नाकारतो. दोष मीटरचा नव्हता. शेवटी छतावर अँटेना लावून जीपीएस घड्याळ घेतलं आणि फायरवॉलचा विषयच मिटला. अँटेनाला मोकळं आकाश हवं. पहिल्यांदा चालू केल्यावर पंधरा-वीस मिनिटं त्याच्यावर विसंबू नका: लीप सेकंदांची (जीपीएसची वेळ आणि आपली नेहमीची वेळ यांतला फरक) माहिती उपग्रहाकडून यायला साडेबारा मिनिटंही लागतात, तोवर काही घड्याळं 18 सेकंद पुढे दाखवतात.

एवढं करूनही चार मीटर बरोब्बर 12 मिनिटं मागे! टाइम झोनच्या रकान्यात 5.30 भरलं होतं. तो रकाना दशांशात होता: 5.3 तास म्हणजे 5 तास 18 मिनिटं. तिथे 5.5 हवं. दुसऱ्या एका मॉडेलला तेच मिनिटांत, 330. डेलाइट सेव्हिंग बंद आहे ना, तेही बघून घ्या.

आरएस-485 (दोन तारांची सिरियल लाइन) वरच्या मीटरांना एनटीपी नसतं. त्यांना गेटवेतून (नेटवर्क आणि ही लाइन जोडणारा डबा) पत्ता 0 वर ब्रॉडकास्ट करून, म्हणजे सगळ्यांना एकदम, वेळ लिहायची. ब्रॉडकास्टला उत्तर येत नाही, म्हणून नंतर प्रत्येक मीटरची वेळ वाचून खात्री करा. लिहायची तीही ब्लॉकच्या मध्यावर, सातव्या-आठव्या मिनिटाला. सीमेवर लिहून घड्याळ मागे गेलं तर एकच ब्लॉक दोनदा नोंदला जातो. लॉगचा कालावधी बदलण्याआधी जुना डेटा उतरवून घ्या, कित्येक मीटर बदल जतन करताच लॉग पुसतात.

आणि घड्याळं जुळूनही आकडे एक ओळ सरकलेले दिसले, तर नोंदीवरचा वेळेचा शिक्का बघा. 10:15 हा काही मीटरांत ब्लॉकचा शेवट असतो, काहींत सुरुवात.