तुम्ही विचारलंत म्हणून: हुआना वेडी होती का?

व्याख्यान संपतं, चहा यायचा असतो आणि मागच्या रांगेतून हात वर होतो. "मॅडम, बाकी सगळं समजलं. पण शेवटी ती वेडी होती की नव्हती, तेवढं सांगा." मी दीड तास स्पेनमधल्या कास्तील राज्याच्या राणी हुआनाबद्दल बोललेली असते. इसाबेला आणि फर्डिनांडची मुलगी, हाप्सबर्ग फिलिपची बायको, सम्राट पाचव्या चार्ल्सची आई. स्पेनमध्ये आजही तिला 'हुआना ला लोका', म्हणजे वेडी हुआना, याच नावाने ओळखतात. तोर्देसियास गावातल्या वाड्यात तिने ४६ वर्षं कोंडलेल्या अवस्थेत काढली. आणि ऐकणाऱ्याला हो किंवा नाही हवं असतं. इतकी वर्षं मी "ते गुंतागुंतीचं आहे" म्हणून सुटका करून घेतली. आता लिहूनच टाकते.

जे कबूल करायला मला जड जातं ते आधी. हुआना ठीक नसायची, असे दिवस होते. दुखावली की ती जेवण सोडायची. नोव्हेंबर १५०३ मध्ये ती मेदिना देल काम्पोच्या ला मोता किल्ल्यात होती. नवऱ्याकडे फ्लँडर्सला जायचं म्हणून निघाली, तर बिशपने पूल वर ओढून घेतला. मग ती तिथेच दाराशी थंडीत बसून राहिली, रात्र झाली तरी आत येईना. आजारी इसाबेला सेगोव्हियाहून आली, तेव्हा लेक तिला असं काही बोलली की तिची अवस्था ठाऊक नसती तर ते ऐकून घेतलं नसतं, असं आईने पत्रात लिहिलं. म्हातारपणी तर सेविका आपल्यावर चेटूक करतात असं हुआना सांगायची. यातलं मी काहीही लपवत नाही. "तुम्ही बाईची बाजू घेता" असं एका गृहस्थांनी मला ऐकवलं होतं. घेते. पण पुरावा दडवून घेत नाही.

आता कागद बघा. इसाबेला २६ नोव्हेंबर १५०४ ला गेली. मृत्युपत्रात तिने लिहून ठेवलं होतं की मुलगी राज्यात नसेल, किंवा कारभार करायला तयार नसेल वा तिला तो करता येत नसेल, तर फर्डिनांडने तो पाहावा. पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला तोरोला कोर्तेस, म्हणजे कास्तीलच्या शहरांच्या प्रतिनिधींची सभा भरली. तिथे एक टिपण वाचून दाखवलं गेलं. हुआनाच्या ब्रसेल्समधल्या घरातला एक कारभारी, मार्तिन दे मोशिका, ती काय करते, कशी चिडते याची नोंद ठेवत होता. नवऱ्याने लिहवून घेतलं आणि बापाने ते सभेत वाचलं. हे दोघे सासरा-जावई राज्यासाठी एकमेकांवर उठले होते. तरी २७ जून १५०६ च्या व्हियाफाफिलाच्या करारात एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं: हुआनाला कारभारापासून दूर ठेवायचं.

त्याच उन्हाळ्यात कास्तीलचा ॲडमिरल फाद्रिके एन्रिकेस तिच्याशी तासन् तास बोलत बसला आणि बाहेर येऊन म्हणाला, एकही उत्तर तिने भलतं दिलं नाही.

आमच्या घरात असं जाऊन बसणारं कुणी नव्हतं. ते सांगितल्याशिवाय माझं उत्तर पुरं होणार नाही.

माझी आत्या लग्नानंतर सहा वर्षांत विधवा होऊन माहेरी आली. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचंही नाव लागलं. हक्कसोड करून दे, असं भावांनी सांगितलं. ती नाही म्हणायची नाही, "बघू" म्हणायची. असं तीन वर्षं चाललं. आत्या रात्री ओसरीवर एकटीच बोलायची, हे खरं. कुणी टोचून बोललं तर दोन-दोन दिवस जेवायची नाही. एकदा ऐन पौषात अंगणातच झोपली, आई हाताला धरून ओढत होती तरी उठली नाही.

मी चोवीस वर्षांची होते, एम.ए.चा निकाल नुकताच लागला होता. दुपारची वेळ. माजघरात वडील, काका आणि त्यांच्या ओळखीचे एक वकील. आत्या स्वयंपाकघरात तांदूळ पाखडत होती, सुपाचा आवाज येत होता. काका मला म्हणाले, "तू शिकलेली आहेस. तूच सांग, आत्याचं डोकं ठिकाणावर असतं का?" तिकडे सूप थांबलं. दार उघडंच होतं. मी वडिलांकडे पाहिलं, ते जमिनीकडे बघत होते. मी म्हणाले, "कधीकधी नसतं."

थोड्या वेळाने पुन्हा पाखडल्याचा आवाज सुरू झाला.

काकांनी फुलस्केपवर लिहून घेतलं. तो कागद मी पुढे कितीतरी वर्षांनी पाहिला. 'घरातील सुशिक्षित मुलीचेही हेच म्हणणे आहे' असं त्यात होतं. माझं 'कधीकधी' त्यात नव्हतं. उताऱ्यावर आत्याचं नाव राहिलं, पुढे पालनकर्ता म्हणून काकांचं लागलं. त्यानंतरचे व्यवहार त्यांच्या सहीने झाले. आत्या त्यावर मला कधी काही बोलली नाही. माझ्या लग्नात माझी ओटीसुद्धा तिनेच भरायला घेतली होती, मग विधवा म्हणून कुणीतरी अडवलं.

मोशिकाची टिपणं मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्या माणसाचा राग आला नाही. तो खोटं लिहीत होता असं मला वाटत नाही, आणि हेच मला झोपू देत नाही.

नोकरीच्या सुरुवातीला मी हुआना शिकवायची ती प्रादियाच्या १८७७ च्या चित्रावरून: माळरान, वारा, नवऱ्याची शवपेटी, शेजारी काळ्या कपड्यातली गरोदर राणी. मुलं हसायची, मी हसू द्यायची. नंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. इंग्लंडचा सातवा हेन्री तिला मागणी घालत होता, पेटी पुरली नाही तोवर दुसऱ्या लग्नाचा विषय टळत होता, म्हणजे तो सगळा डाव होता, असं मी ठासून सांगायची. फिलिपने वाटलेल्या देणग्या तिने १८ डिसेंबर १५०६ ला एका फर्मानाने रद्द केल्या आणि दोनच दिवसांत पेटी घेऊन निघाली, हा माझा हुकमाचा पुरावा. आज त्या माझ्याच ठसक्याची मला भीती वाटते. शोक करणाऱ्या बाईला डावही कळू शकतो आणि शोकही खरा असू शकतो, एवढं तेव्हा मला सुचलं नव्हतं.

एका संग्राहकाने मेक्सिकोच्या टांकसाळीतलं चांदीचं नाणं माझ्या तळहातावर ठेवलं होतं. समुद्रातले दोन खांब, आणि कडेने चार्ल्सच्या जोडीला तिचं नाव, 'योहाना', पुढे 'रेजेस': राजे, अनेकवचनात. ती तेव्हा कोंडलेली होती. फर्डिनांड १५१६ मध्ये मेला, हेही तिला कितीतरी काळ सांगितलं नव्हतं. रखवालदार तिच्याशी तो जिवंत असल्यासारखे बोलत. आणि तिचं नाव चांदीवर छापून समुद्रापार फिरत होतं. बोटाने ती अक्षरं चाचपताना मला उताराच आठवला.

तिची धाकटी कातालिना त्याच वाड्यात वाढली. बाहेर खेळणारी मुलं दिसावीत म्हणून तिच्या खोलीला मुद्दाम खिडकी पाडली होती. मडगावला ही गोष्ट सांगताना माझा आवाज अडखळला, कारण हीच मुलगी पुढे पोर्तुगालची राणी झाली, आणि १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याच्या संशयावरून माणसांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, सुरू झालं तेव्हा नातवाच्या वतीने कारभार तिच्याच हाती होता. कोंडलेल्या घरातून आलेली माणसं इतरांना मोकळं सोडतील असं मी उगीच धरून चालले होते.

राहता राहिली सही. ऑगस्ट १५२० मध्ये चार्ल्सविरुद्ध उठलेले कोमुनेरो तोर्देसियासमध्ये शिरले. अकरा वर्षांनी दारं उघडली. त्यांनी तिला राणी म्हणून मान दिला, तिने त्यांचं ऐकून घेतलं, नीट उत्तरं दिली. एका सहीवर मुलाचं राज्य गेलं असतं आणि ती मोकळी झाली असती. शंभर दिवसांच्या आसपास ते कागद पुढे करत राहिले. तिने एकावरही सही केली नाही, आणि ५ डिसेंबरला चार्ल्सच्या फौजेने गाव परत घेतलं.

का केली नाही? मी आधी म्हणायची, मुलावरची माया. मग म्हणायला लागले, भीती. आता वाटतं, बाप, नवरा, मुलगा सगळ्यांनी कागदावरच तिला संपवलं, तर चौथ्याचा कागद तिने का खरा मानावा? पण यातलं आत्यासाठी किती म्हणते आणि हुआनासाठी किती, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही.