दोन बुटकी झाडं

जानेवारीत रावेर तालुक्यातल्या केळीच्या एका मृगबागेत, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या बागेत, पोचलो, तेव्हा मालक मजूर घेऊन उत्तरेकडच्या ओळी उपटायच्या तयारीत होते. "रोपंच भेसळीची दिली भाऊ, एका वाणाची नाहीत," म्हणाले.

झाडं खरंच बुटकी होती. पानं आखडून एकमेकांवर चढलेली, घड अर्धा बाहेर येऊन गळ्यातच अडकलेला. मधली बाग मात्र जोमात निसवलेली, घड मोकळे बाहेर आलेले.

ग्रँड नैन या केळीच्या वाणाची टिश्यूकल्चर रोपं प्रयोगशाळेत एकाच मातृझाडापासून वाढवतात. म्हणजे जीनोटाइप, आतला आनुवंशिक साठा, सगळ्यांचा जवळपास एकच. बाहेर दिसतो तो फिनोटाइप: उंची, पानांची ठेवण, फण्यांची संख्या, रोग सोसण्याची ताकद, जे जे पाहता-मोजता येतं ते सारं. तो जीनोटाइप आणि परिस्थिती मिळून घडवतात. हे दोन्ही शब्द १९०९ मध्ये डेन्मार्कच्या विल्हेल्म योहानसेनने रूढ केले. एकाच शुद्ध वंशातले मोठे आणि छोटे घेवड्याचे दाणे त्याने वेगवेगळे पेरले, तर दोन्हींच्या पुढच्या पिकाचा दाणा सरासरीत सारखाच भरला. मला हा प्रयोग फार आवडतो. आपल्या केळीत तो दरवर्षी डोळ्यांसमोर घडतो.

"उत्तरेला वारा अडवायला काय होतं?"

"शेवरी होती. औंदा तोडली."

थंडीचा चरका सरळ त्या ओळींवर बसला होता. वाण खोटा असता तर बुटकी झाडं बागभर विखुरलेली दिसली असती, अशी बांधाच्या कडेने रांगेत नाही.

तरी पूर्ण बाग फिरलो. मधोमध, उबेत, चांगल्या झाडांच्या घोळक्यात एक झाड तसंच बुटकं. देठ तोकडे, पानं आखूड आणि रुंद. टेप लावून शेजारच्या झाडाशी ताडून पाहिलं. ना थंडीची खूण, ना हरण्या या विषाणूरोगाचे पिवळे पट्टे. प्रयोगशाळेत वाढवताना केळीत अधूनमधून असा आनुवंशिक बदल होतो.

मालकांना दोन्ही झाडं दाखवली. त्यांनी पानं हाताने चाचपली. "दिसायला तर सारखीच."

"रूप सारखं, कारण वेगळं. कडेच्या ओळी उपटू नका. त्यांची पिलं उबेत नीट वाढतील, त्यांच्यावरच पुढचं पीक, पिलबाग धरा. फक्त जूनमध्ये बांधावर पुन्हा शेवरी लावा."

"आन् मधलं?"

"ते आजच काढा. त्याचं पिलूही बुटकंच निघणार."